डफ खाली ठेवल्यावर

दुकान बंद करून वर्षं लोटलेला शिंपी बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्याची शिवण चिमटीत धरतो. कापड बोटांत चोळतो, उलटी बाजू पाहतो आणि सोडून देतो. दुकान मिटतं, बोटं मिटत नाहीत. असं कुणी दिसलं की मला संगमनेरचा अनंत फंदी आठवतो.

फंदीचा काळ १७४४ ते १८१९. प्रवरेकाठच्या या कवीनं तमाशासाठी लावण्या रचल्या, फडात उभं राहून गायल्या. पुढे अहिल्याबाई होळकरांनी समजावलं आणि त्यानं तमाशा सोडून कीर्तन धरलं, असं सांगतात. आज आमच्या जिल्ह्याला ज्यांचं नाव आहे, त्याच या अहिल्याबाई.

सोडलं म्हणजे नेमकं काय सोडलं? डफ-तुणतुणं गेलं, वीणा-चिपळ्या आल्या. फडाच्या जागी देवळाचा सभामंडप आला. पण फंदीचा फटका, म्हणजे त्याची उपदेशाची कविता, एकदा मोठ्यानं म्हणून पाहावा. मनातल्या मनात वाचून भागत नाही. सांगणं सगळं सरळ वागण्याचं, आणि चाल मात्र डफावर थाप पडावी तशी. ओळीच्या पोटातच यमकं एकामागून एक येतात, जीभ त्यांच्यामागे धावते, पाय आपोआप ठेका धरतो. ही लय सभामंडपात शिकलेली नाही. समोरचा माणूस उठून जाऊ नये म्हणून जो रात्र रात्र गायला, त्याच्या गळ्यातली ती आहे.

खर्ड्याला १७९५ साली मराठे आणि निजाम भिडले, त्या लढाईचा पोवाडाही फंदीचा आहे.

त्याच्या लावण्या मात्र आज थोड्याच हाती लागतात, याची मला हळहळ वाटते. कीर्तन मोठं म्हणून लावणी धाकटी ठरवणं माझ्या मनाला पटत नाही. लावणीनं त्याला घडवलं नसतं, तर त्याचा उपदेश कुणी थांबून ऐकला असता का?

शाळेत आम्हांला फटका पाठ करायला लावला, तो उपदेशासाठी. उपदेश किती पाळला हे ज्याचं त्याला ठाऊक. चाल मात्र त्या वर्गातला कुणीही आज म्हणून दाखवेल.