राखून ठेवलेला डाव

वस्ताद एक डाव नेहमी राखून ठेवतो, असे आपल्याकडे म्हणतात, आणि म्हणताना आपल्या स्वरात कौतुक असते. शिष्य उद्या उलटलाच तर गुरूची लाज राहावी, हा त्या डावाचा हेतू. यात व्यवहारज्ञान आहे खरे. परंतु ते न्याय्य आहे काय?

१९२९ साली रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शिन्झो ताकागाकी हे ज्यूदोचे जपानी शिक्षक शांतिनिकेतनात आले. तेथे मुलांबरोबर मुलीही चटईवर उतरल्या. अमर्त्य सेन यांच्या मातोश्री अमिता सेन यांनीही त्या आश्रमात ज्यूदोचे धडे घेतले. या विद्येत आरंभ होतो तो पडण्यापासून : हनुवटी छातीशी घ्यावी, हाताची थाप चटईवर द्यावी आणि इजा न होता पडावे. शिष्याला फेक शिकवावयाची तर कोणीतरी फेकले जावे लागते, आणि पुष्कळदा तो शिक्षकच असतो. १८८२ साली तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापणाऱ्या जिगोरो कानो यांनी आपला व दुसऱ्याचा उत्कर्ष एकत्रच साधावा, असे तत्त्व या विद्येला दिले. त्या तत्त्वात राखून ठेवलेल्या डावाला जागा उरत नाही.

आम्हां दिल्लीकर नोकरदारांना हा प्रश्न परका नाही. कनिष्ठाने लिहिलेले टिपण बिनतोड असते, वरिष्ठाला ते पटतेही. तरी फाइलीवर 'चर्चा करावी' एवढेच उमटते. जुन्या परिपत्रकांची माहिती एकाच कपाटात आणि एकाच डोक्यात राहते. तोही राखून ठेवलेला डावच.

यावर कोणी म्हणेल, की अशाने अधिकाराची शिस्त मोडेल. परंतु चटईवर फेकला गेलेला शिक्षक उठतो, वाकून नमस्कार घेतो आणि देतो. त्याचे शिक्षकपण कोठे जात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चटईवरील पडण्याची नोंद वार्षिक अहवालात होत नाही. कचेरीतील पडण्याची होते. हे मान्य केले पाहिजे. मात्र तो अहवाल लिहितो वरिष्ठ, आणि त्याचे फळ भोगतो कनिष्ठ. एकाच चुकीची किंमत दोघांना सारखी पडत नाही. म्हणूनच आधी पडण्याचे कर्तव्य, ज्याला पडणे स्वस्त आहे त्याच्याकडे येते. वयाने आणि हुद्द्याने आपण वर चढत जातो, तसतसे ते आपल्याकडेही येत असते.