उघडलेलं मिटायचं कुणी?

तुमच्यापैकी बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांनी हा भाग भरभर वाचला तरी चालेल. प्रोग्रॅम फाईल उघडतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम त्याला एक क्रमांक देते. लिनक्सवर एका प्रोग्रॅमला साधारणपणे असे १०२४ क्रमांक मिळतात, त्यातले तीन सुरुवातीलाच खर्ची पडलेले असतात. काम झालं की फाईल बंद करायची, म्हणजे क्रमांक मोकळा होतो. नाही केली तर? बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. प्रोग्रॅम संपला की सिस्टिम मागची आवराआवर स्वतःच करते.

पंचाईत होते ती लांबलेल्या कामात. इथे कोक्विटलाममध्ये बसून मी दुसऱ्या कुणाचा तरी प्रोग्रॅम हवामानाच्या नोंदींवर चालवत होतो. मूळ लेखकाने तो वीस-पंचवीस फाइलींसाठी लिहिला होता, माझ्याकडे काही हजार होत्या. मध्येच तो ‘फार फाइली उघड्या आहेत’ म्हणत कोसळला. आणि बोट कुणाकडे? नेमकी १०२२वी फाईल उघडू पाहणाऱ्या ओळीकडे. ती बिचारी आपली फाईल उघडून लगेच मिटणारी. चोर सोडून संन्याशाला सुळी!

तेव्हा ‘फुटलं कुठे’ हे सोडून ‘उघडलं कुणी’ हे विचारावं लागतं. पायथनमध्ये ३.२ पासून न मिटलेल्या फाइलीबद्दल इशारा मिळतो, पण तो एरवी दडवलेला असतो, मुद्दाम सुरू करावा लागतो. मी केला. काहीच आलं नाही. कारण हा इशारा टाकून दिलेल्या फाइलींचा. इथे त्या एका यादीत जपून धरल्या होत्या. शेवटी एलएसओएफने उघड्या फाइलींची यादी दिली, आणि एकाच फोल्डरमधली नावं शेकड्याने दिसली.

मूळ लेखकाचा दोष किती? सहकारी म्हणाला, त्याच्या हातात तो कधी कोसळला नाही, मग चूक कसली? मला हे पटत नाही. कोसळला नाही, कारण मागून दुसरं कुणीतरी आवरत होतं. आपला प्रोग्रॅम पुढे कोण, किती वेळ चालवेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तर मिटायची जबाबदारी उघडणाऱ्याची. २००६ साली पायथनमध्ये ‘विथ’ आलं ते याचसाठी: उघडतानाच मिटण्याची सोय लिहून टाकायची.

आता तुमचं देशातलं बँक खातं आठवा. परदेशी आल्यावर ते एनआरओ करून घ्यायचं असतं. कितीतरी जण तसंच ठेवून देतात. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदारांसाठीच्या निधीत जाते. पैसे बुडत नाहीत, मागता येतात. पण मागायला जाणार कोण? पुण्यातले सत्तरी उलटलेले काका. सही जुळत नाही, हा कागद आणा, तो आणा म्हणून शाखेत खेपा घालणारे, आणि काउंटरवरची बोलणी खाणारेही तेच. खात्यावर निदान नॉमिनीचं नाव आहे का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात.