कुणाला जड न होता

क्षणभर डोळे मिटून स्वस्थ बसा. हात मांडीवर सैल सोडा. श्वास येतो-जातो, तो तसाच येऊ-जाऊ द्या.

आता मनानं चैत्रातल्या यवतमाळच्या रानात या. भेगाळलेली काळी जमीन, मोहाखाली पडलेला सडा, पानं झडलेला साग. दिवस १७ एप्रिल १८१८. पांढरकवड्याच्या मुलखात शिवणीजवळ इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅडम्सनं पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला गाठलं. पेशवा घोड्यावरून निसटला. तोफा, हत्ती, उंट मागेच राहिले. ३ जूनला तो इंग्रजांचाच अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला.

त्या दूर जाणाऱ्या टापा ऐका. वेग तर आहे. पण वेग म्हणजेच हलकेपण का? हा प्रश्न मनात ठेवा, उत्तराची घाई नको.

हळूहळू आणखी मागे, शिवरायांच्या पागेत या. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. पंचवीस बारगिरांमागे पाणी वाहणारा एक पखालजी, नाल ठोकणारा एक नालबंद. सोबतची जोड बेताचीच. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलं, त्याचा भाव आठवा: दाणावैरण पुरवून वापरा, लागेल ते बाजारातून विकत घ्या, रयतेला उपद्रव देऊ नका. इथं थोडं थांबा.

आता दूर फ्रान्सकडे बघा. घोडदळात टेहळणी आणि पाठलाग करणारे हुसार, नावाचाच अर्थ शिकारी असलेले शॅसर, आणि पायदळात नेपोलियननं १८०४ मध्ये उभे केलेले चपळ व्होल्तिझर. ही फौज रसदीच्या गाड्यांसाठी खोळंबत नसे. पोट भरायचं ते वाटेवरच्या गावांतून. आपल्या वऱ्हाडात पेंढारीही असेच वाऱ्यासारखे आले. त्यांच्या घोड्यावर ओझं नव्हतं. ते सगळं गावावर पडलं.

पाठीवर कमी सामान असणं हे निम्मं हलकेपण. ज्याच्या शेतातून जायचं, त्याला आपला भार न होणं हे उरलेलं निम्मं, आणि तेच अवघड.

आता स्वतःचा आजचा दिवस आठवा. आपली घाई कुणी सोसली? आपलं ओझं न सांगता कुणी उचललं? एकच चेहरा डोळ्यांपुढे आणा आणि त्याच्यापाशी दोन श्वास थांबा.

मग डोळे उघडा. त्या माणसाचं एक काम आज आपल्या हातानं करा.