मागे फिरलेला मार्क



बारावी झालेले आपल्यातले एखादे मूल लातूरला क्लासला निघते, तेव्हा सारी गल्ली त्याला लोह्याच्या स्टँडवर सोडायला येते. नीटचा निकाल मनासारखा लागला नाही की तेच मूल अंधार पडल्यावरच्या गाडीने परत येते, वाटेत कोणी विचारू नये म्हणून. मध्यंतरी अशाच एका घरी गेलो होतो. दुसऱ्या वेळीही नंबर लागला नव्हता. वडील म्हणाले, "फादर, याला दोन शब्द सांगा." मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही. त्या दिवशी मलाही काही सुचले नाही. चहा घेऊन परत आलो. आज लिहितो आहे.

अविनाश साबळे हे नाव तुम्ही ऐकले असेल. आपल्या मराठवाड्यातला, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा. बारावीनंतर तो सैन्यात गेला. त्याची शर्यत आहे 3000 मीटर स्टीपलचेस. तीत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी असते. साध्या हर्डल्सचा अडथळा पाय लागला की पडतो, हा पडत नाही. धडकला तर धावणारा पडतो. पण या शर्यतीत एक मुभा आहे : अडथळ्यावर पाय ठेवून पुढे जाता येते.

टोकियो ऑलिंपिकमध्ये (2021) त्याने स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला, तरी अंतिम फेरी हुकली. म्हणजे चांगले धावूनही नापास! पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. सुवर्ण हुकले ते 0.05 सेकंदाने. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत होता. ऑगस्ट 2023 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाहेर पडला आणि दीड महिन्याच्या आत हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. या शर्यतीत तिथवर जाणारा तो पहिला भारतीय पुरुष. आला अकरावा. आणि जुलै 2025 मध्ये मोनाकोत पाण्याच्या उडीवर पडून गुडघा दुखावला. असा हा हिशेब आहे, वर-खाली. पेपरात आपण फक्त पदकाचे फोटो पाहतो.

माझेही सांगतो. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी तर्कशास्त्रात मी नापास झालो. रडलो, बॅगही भरली होती. आमच्या सरांनी उपदेश केला नाही, माझा पेपर समोर ठेवला आणि म्हणाले, वाच. वाचल्यावर कळले, अभ्यास कच्चा नव्हता. प्रश्न पुरता न वाचताच मी लिहीत सुटलो होतो. (हा दोष अजून गेलेला नाही, तुमच्या तक्रारी ऐकताना तो तुम्हालाही जाणवत असेल.) पण सरांनी पेपर समोर ठेवला नसता तर मी स्वतःला "ढ" ठरवून मोकळा झालो असतो.

आता संत मार्ककडे येऊ. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 13 काढा. पौल आणि बर्णबा यांच्या पहिल्या प्रवासात तरुण मार्क बरोबर होता. पेर्गा येथे पोहोचल्यावर तो त्यांना सोडून माघारी फिरला. का, ते ग्रंथात नाही. पुढच्या प्रवासाच्या वेळी (अध्याय 15) पौल अडून बसला : याला न्यायचे नाही. बर्णबा म्हणाला, न्यायचेच. एवढा वाद झाला की दोन प्रेषित वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला. तो मार्कचा भाऊबंद होता, तेव्हा थोडी माया असेलच. असू द्या, त्या मायेनेच काम केले. पुढे कैदेत असलेला हाच पौल तीमथ्याला लिहितो की येताना मार्कला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे.

लक्षात घ्या, त्या वेळी मार्क पौलाच्या वाटेने गेला नाही. वाट बदलली, काम तेच राहिले. चिकाटी म्हणजे त्याच दारावर डोके आपटत राहणे नव्हे. तिसऱ्यांदा नीट द्यायची की नर्सिंगला, बी. फार्मसीला जायचे, हा विचार करणारा मुलगा पळपुटा ठरत नाही. रुग्णाची सेवा हे ध्येय असेल, तर तिथे जायला एकच रस्ता नाही.

आणखी एक. आपल्या परंपरेनुसार मार्कने शुभवर्तमान लिहिले ते संत पेत्राच्या शिकवणुकीवरून. त्याच शुभवर्तमानात पेत्राने प्रभूला तीनदा नाकारल्याची हकिगत आहे, कोंबड्याच्या आरवण्यासकट. पेत्राने आपला नापासाचा पेपर लपवला नाही, आणि तो लिहून ठेवणाराही एकदा मागे फिरलेलाच होता.

पालकांनो, शेजारचा मुलगा कुठे लागला हे आपल्या लेकराला ठाऊक असते, ते त्याला रोज सांगू नका. घरात पौल पुष्कळ असतात, बर्णबा कोण होणार?

येत्या रविवारी मिस्सानंतर, ज्यांचा निकाल मनासारखा लागला नाही अशा मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी थोडा वेळ थांबावे. गुणपत्रिका आणू नये. चुकलेले प्रश्न वहीत लिहून आणावेत, आपण एकत्र बसून पाहू. चहा आहे. त्या घरच्या मुलाला मी स्वतः बोलवायला जाणार आहे.

तुमचा,
धर्मगुरू