तांबड्या दिव्याची साक्ष

धोक्याची सूचना पुढे खोटी ठरली, तर ती दडपू पाहणाऱ्याचा अपराध नाहीसा होतो काय? हा प्रश्न आमच्यापुढे नीतिशास्त्राच्या ग्रंथातून नव्हे, तर आमच्या जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डावरून आला.

अनेक वर्षे कुटुंबाची चाकरी केलेली ही मोटार विकण्याचे आम्ही ठरविले. एक शाळामास्तर ती घेण्यास सिद्ध झाले. सुटीत बायकामुलांसह घाट उतरून कोकणातील घरी जाता यावे, एवढीच त्यांची इच्छा. व्यवहार ठरला आणि त्याच आठवड्यात तेलाचा तांबडा दिवा लागू लागला. इंजिन तापलेले असता गाडी चौकात थांबली की तो मिणमिणे. वेग घेताच मावळे.

हा दिवा तेल किती उरले ते सांगत नाही; तेलाचा दाब पुरेसा नाही, एवढेच सांगतो. इंजिनातील फिरता दांडा व त्याची बेअरिंगे यांमध्ये पंप तेलाचा थर राखतो. तो थर तुटला की धातूवर धातू घासून इंजिन थोडक्यात निकामी होते. चावी फिरविताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, दिवा लागला पाहिजे. तो शाबूत असल्याची तीच खूण. इंजिन सुरू झाल्यावर तो क्षणात विझला पाहिजे. आमच्या गाडीतील तेल तर काडीवरील खुणेपर्यंत भरलेले होते. तेव्हा मुख्यतः दोनच कारणांचा संशय उरला: झिजलेल्या बेअरिंगांमुळे तापून पातळ झालेल्या तेलाचा दाब मंद गतीत टिकत नसावा, किंवा दाब ओळखणारा स्विचच बिघडला असावा. पहिल्यात खर्च मोठा, दुसऱ्यात अल्प.

एका स्नेह्याने निराळाच मार्ग सुचविला: बल्ब काढून टाकावा. पण चावी फिरविताना दिवा लागला नाही, तर घेणाऱ्यास संशय येईल, असे आम्ही म्हणताच ते उत्तरले, "अहो, मग याची तार बॅटरीच्या दिव्याला जोडून द्या. तो लागेल तेव्हा हा लागेल, तो विझेल तेव्हा हा विझेल!" सांगण्यास लाज वाटते, परंतु या युक्तीचा आम्ही दोन दिवस विचार केला. 'स्विचच बिघडला असेल' हे वाक्य आम्ही मनाशी इतके घोकले की, ते अनुमान न वाटता निर्णय वाटू लागले.

तिसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रींनी स्विच काढून त्या जागी दाबमापक बसविले आणि इंजिन पुरते तापू दिले. मंद गतीतही काटा योग्य आकड्यावर स्थिर राहिला. दोष स्विचचाच होता. स्नेही हसून म्हणाले, "पाहिलेत? तार बदलली असती, तरी कोणाचे काय बिघडले असते?"

मास्तरांचे इंजिन बिघडले नसते, हे खरे. तथापि त्या दोन दिवसांत आम्हांस ते ठाऊक नव्हते. रोग्यास न तपासताच एखाद्या वैद्याने तो निरोगी असल्याचा दाखला दिला आणि रोगी खरोखरच निरोगी निघाला, तर रोग्याचे दैव बरे, एवढेच म्हणता येईल. वैद्य प्रामाणिक ठरत नाही. नुकसानीची भरपाई परिणामावरून ठरते, ती तशी ठरावीही. पण कृत्याची योग्यता कर्त्यापाशी त्या वेळी जे ज्ञान होते त्यावरूनच ठरविली पाहिजे. आम्ही मास्तरांपासून इंजिन नव्हे, तर विचारपूर्वक नकार देण्याचा त्यांचा अधिकार हिरावून घेणार होतो.

याचा अर्थ प्रत्येक सूचना वेदवाक्य मानावी असा नव्हे. नव्या मोटारींत संगणक दोषाचा सांकेतिक क्रमांक नोंदवितो. अमेरिकेत 1996 सालच्या मोटारींपासून ही व्यवस्था सक्तीची झाली. पण तो क्रमांकही तक्रार कोठून आली एवढेच सांगतो. अपराधी कोण ते शोधावेच लागते. दिवा ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्ष ऐकताच शिक्षा सुनावणे हा भाबडेपणा, साक्षीदाराचे तोंड दाबणे हे पाप. उलटतपासणी करणे हेच कर्तव्य.

मास्तरांच्या हाती जुना स्विच देऊन आम्ही सर्व हकीकत सांगितली. त्या दोन दिवसांची गोष्ट मात्र ओठांवर येऊन परत फिरली. म्हणून ती येथे लिहिली आहे. मास्तरांनी चावी फिरविली, तांबडा दिवा लागला. इंजिन सुरू झाले, तो विझला. त्यांनी समाधानाने मान हलविली. आम्ही मात्र खाली पाहिले.