घसरणीचा हक्क

फुटबॉलचे समर्थक वर्षभर जे वाद घालतात त्यांचे विषय मोजकेच असतात: मालक पैसा का सोडत नाही, प्रशिक्षकाला कधी हटवणार, आणि हंगाम संपताना आपला संघ तळातून निसटणार की नाही. यांपैकी शेवटचा विषय क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला काहीसा परका वाटतो, कारण आयपीएलमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत त्याच मानाने उतरतो. फुटबॉलच्या जुन्या लीगांची रीत वेगळी आहे. इंग्लंडमधील लीग १८८८ साली बारा क्लबांनी सुरू केली, चार वर्षांनी तिच्याखाली दुसरी श्रेणी जोडली गेली, आणि १८९८पासून वरच्या श्रेणीतील तळाच्या संघांनी खाली जावे व खालच्या श्रेणीतील अव्वल संघांनी त्यांची जागा घ्यावी असा रिवाज पक्का झाला. या खाली जाण्याला ‘रेलिगेशन’ म्हणतात. मराठीत त्याला घसरण म्हटले तरी अर्थ पुरता पोहोचतो.

घसरण ही शिक्षा आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि ज्याचा संघ घसरतो त्याला ती शिक्षाच वाटते, यात शंका नाही. परंतु एक संघ खाली आल्याशिवाय दुसऱ्याला वर जागा होत नाही, या साध्या हिशेबाने पाहिले तर घसरण हा लहान गावांचा आणि गरीब क्लबांचा हक्क ठरतो. म्हणूनच ती कोणाला लागू आहे आणि कोणाला माफ आहे हा प्रश्न खेळापुरता राहत नाही, तो सत्तेचा प्रश्न होतो. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या अलीकडच्या फुटबॉल-इतिहासात या माफीची दोन ठळक उदाहरणे सापडतात, आणि दोन्ही वेळा माफी पुण्याच्या संघांना मिळालेली आहे.

२००७ साली सुरू झालेल्या आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये पुढे काही उद्योगसमूहांच्या संघांना ‘थेट प्रवेश’ देण्यात आला. थेट प्रवेश म्हणजे खालच्या श्रेणीत न खेळता, आर्थिक पात्रतेच्या बळावर वरच्या श्रेणीत मिळालेली जागा. आणि अशा संघाला सुरुवातीच्या हंगामांत घसरण लागू होणार नाही अशी हमीही तिच्यासोबत होती. २०१४-१५च्या हंगामात अकरा संघांमध्ये कल्याणी समूहाचा पुण्यातील भारत एफसी हा संघ शेवटचा आला, पण घसरला त्याच्या वर असलेला, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो. पुढच्या हंगामात पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स तळाला राहिला आणि घसरण आली त्याच्या वरच्या क्रमांकावरील मिझोरामच्या ऐझॉल एफसीच्या वाट्याला. ज्या भारत एफसीसाठी डेम्पो घसरला तो संघ एका हंगामातच गुंडाळला गेला, आणि डीएसके शिवाजीयन्सही २०१७मध्ये लीगमधून बाहेर पडला. परीक्षेत नापास झालेल्याला वरच्या वर्गात बसवावे आणि त्याने वर्षभरात शाळाच सोडावी, असा हा प्रकार होता. फक्त जो विद्यार्थी त्याच्यासाठी खाली बसवला गेला त्याची कोणी चौकशी केली नाही.

या कथेचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. डेम्पोने दुसरी श्रेणी जिंकून एका वर्षात पुन्हा वर येण्याचा हक्क मिळवला, पण त्याच सुमारास, २०१६मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीग या वेगळ्या स्पर्धेला देशाची सर्वोच्च लीग करण्याचा आणि तिच्यात चढ-घसर न ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेम्पो या तिन्ही गोमंतकीय क्लबांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. त्यांच्या जाण्याने मोकळी झालेली जागा भरण्यासाठी घसरलेल्या ऐझॉलला परत बोलावले गेले, आणि त्या संघाने २०१६-१७चे विजेतेपदच जिंकले. घसरणीच्या तराजूत वजन करून नालायक ठरवलेला संघ वर्षभरात देशात पहिला येतो, याचा अर्थ तराजू चुकीचा होता असा नव्हे. एका हंगामावरून संघाची कायमची किंमत ठरवता येत नाही आणि म्हणूनच परतीची वाट उघडी असावी लागते, एवढाच तो आहे.

ऐझॉलला विजयी करणारे प्रशिक्षक खालिद जमील हे त्याआधी अनेक वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. तुटपुंज्या खर्चात संघ चालवणे आणि दर हंगामात तळापासून दोन बोटे वर राहणे हे त्या काळात मुंबई एफसीचे जणू ब्रीद होते, आणि त्यांच्या सावध, बचावाला धरून राहणाऱ्या खेळावर रसिकांची नाराजीही असे. २०१६मध्ये त्यांनी तो संघ सोडला. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी शेवटची आली, घसरली आणि बंद पडली. एका प्रशिक्षकाच्या जाण्यानेच हे घडले असे म्हणणे घाईचे होईल. तरीही प्रशिक्षकावरच्या वादाचे मर्म या उदाहरणात दिसते. संघ हरू लागला की मालक स्वतःला काढू शकत नाही आणि अर्ध्या हंगामात अकराही खेळाडू बदलता येत नाहीत, त्यामुळे दोष ठेवण्याजोगा आणि हलवण्याजोगा एकच माणूस उरतो, तो म्हणजे प्रशिक्षक. समर्थक त्याच्यावर तुटून पडतात तेव्हा बऱ्याचदा मालकाचेच काम हलके करतात. इंग्लंडमध्ये ज्याला ‘मॅनेजर’ म्हणतात त्याच्या हाती निदान खेळाडूंच्या निवडीत व खरेदीत मोठा शब्द असण्याची परंपरा होती. भारतातील प्रशिक्षकाला तेवढाही अधिकार क्वचित मिळतो, पण जबाबदारी मात्र पूर्ण मिळते.

समर्थकाची आणि मालकाची स्थिती मुळातच असमान आहे. मालकाला निघून जाता येते. १९६२पासून चालत आलेला आणि २००५-०६चा राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा संघ २०१०मध्ये कंपनीच्या निर्णयाने बंद झाला. घसरण नाही, पराभव नाही, फक्त ठराव. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला, त्यानंतर संघाने विजेतेपदे मिळवली, आणि लीगचेच भवितव्य अनिश्चित झाल्यावर २०२५च्या डिसेंबरमध्ये तो समूह मुंबईतून बाहेर पडला. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. समर्थकाला मात्र आपला भावनिक हिस्सा विकून दुसरीकडे गुंतवता येत नाही.

मालकच नसलेला फुटबॉल पाहायचा तर कोल्हापूरकडे वळावे लागते. तेथील संघ पेठांच्या तालमींमधून निघाले: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ अशी त्यांची नावे आहेत, आणि १९४०मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या, लीगमध्ये ते शाहू स्टेडियमवर खेळतात. तळाच्या संघाला तेथेही खालच्या गटाची धास्ती असते, पण संघ घसरला म्हणून तालीम बंद होत नाही, कारण तालीम लीगवर जगत नाही. ती पेठेवर, वर्गणीवर आणि शेजारच्या पेठेशी असलेल्या इर्षेवर जगते. या व्यवस्थेला सोवळे ठरवण्याचे कारण नाही. परदेशी खेळाडू आणण्याची स्पर्धा तिथेही शिरली आहे, बक्षिसांच्या रकमा फुगल्या आहेत, आणि इर्षा कित्येकदा मैदानाबाहेर हाणामारीला उतरते. पण तालमीच्या कार्यकर्त्याला जाब विचारायचा असेल तर तो संध्याकाळी कट्ट्यावर सापडतो, ही सोय कोणत्याही उद्योगसमूहाच्या संघात नाही.

जाब विचारण्याची हीच सोय नंदुरबारच्या शेतकऱ्याला वेगळ्या क्षेत्रात परिचयाची आहे. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगर येथे असलेल्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचा ऊस-उत्पादक हा नुसता गिऱ्हाईक किंवा पुरवठादार नसतो, तो सभासद असतो. आणि सहकारी कायद्याचे मूळ तत्त्व असे की भाग कितीही असले तरी मत एकच, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षाला हिशेब विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला. ज्या १९९८ साली धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, त्याच साली जर्मन फुटबॉलने ‘पन्नास अधिक एक’ हा नियम केला: गुंतवणूकदार कितीही पैसा घालो, मोजके अपवाद सोडता क्लबमधील निम्म्याहून एक तरी जास्त मत सभासदांच्या हातीच राहील. शहाद्याच्या सभासदाला हा नियम समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडणार नाहीत. सहकारातही सभासद नावाला आणि सत्ता एका घराण्याला असे घडते, काही कारखाने विकलेही गेले, हे त्याला अधिक चांगले ठाऊक असते. त्यामुळे जर्मनीतील अपवाद कसे निर्माण झाले असतील याचाही अंदाज त्याला लगेच येईल.

इंडियन सुपर लीगचे दार २०२२-२३पासून आय-लीगच्या विजेत्यासाठी किलकिले झाले आणि पंजाबचा संघ त्यातून आत गेला. तरी २०२४-२५ संपेपर्यंत त्या लीगमधून एकही संघ मैदानावरील निकालाने खाली आला नव्हता. अशा अर्ध्या शिडीचा परिणाम तिच्या अगदी खालच्या पायरीवर कसा होतो हे नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात पाहता येते. तेथील आश्रमशाळांतील मुले कबड्डी, खो-खो, धावणे यांसाठी प्रकल्पस्तरावर, विभागात आणि राज्यात उतरतात; फुटबॉलमध्येही सुब्रतो मुखर्जी चषकाच्या निमित्ताने शालेय संघांना जिल्ह्यातून नाशिक विभागात आणि तेथून राज्य पातळीवर जाण्याची वाट आहे, आणि त्या वाटेवर हरणारा बाहेर व जिंकणारा वर हा नियम कोणालाही माफ नाही. ही वाट मुलांसाठी सतरा वर्षांखालील गटाशी संपते. अठराव्या वर्षी त्या मुलाने आपल्याच तालुक्यातील एखाद्या संघातून खेळत राहून, हंगामामागून हंगाम वर चढावे अशी सलग शिडी पुढे लावलेली नाही. जिल्ह्यात वरच्या लीगचा संघ नसल्यामुळे त्याचा पुढचा फुटबॉल मोबाइलच्या पडद्यावर असतो, आणि तेथे तो हजारो मैलांवरच्या एखाद्या इंग्लिश क्लबचा मालक, त्याचा प्रशिक्षक आणि त्याची तळातली धडपड यांवर मित्रांशी तावातावाने वाद घालत असतो.