तरुणांचे गाणे आणि आपण



आपली मुले मिस्सेत तोंड उघडत नाहीत, कानात भलतीच गाणी, अशी आपण कुरकुर करतो. रेव्ह. नारायण वामन टिळक आठवू या. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. (ते प्रॉटेस्टंट; पण त्यांची गीते आपणही आवडीने गातो!) श्रद्धा बदलली, तरी कानात रुजलेले ओवी, अभंग, कीर्तन त्यांनी टाकले नाही, त्यातूनच त्यांनी प्रभूला आळवले. शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू व शिष्यही स्तोत्र गाऊनच निघाले (मत्तय २६:३०). मग मुलांच्या चालींना आपण का बिचकतो? गायनवृंदाच्या सरावाला त्यांना बोलावू या आणि आधी त्यांचे ऐकू या.